पाचशे इनबॉक्स आणि एक रेझ्युमे

गेल्या दिवाळीत फराळाच्या बशा उचलून झाल्यावर भाच्याने लॅपटॉप माझ्या पुढ्यात सरकवला. "मावशी, हे जरा बघ ना. ५१२ कंपन्यांना गेलाय माझा रेझ्युमे. दीड महिना झाला, एका ठिकाणाहून फोन नाही."

पोरगा इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करून वाळूजच्या एका कारखान्यात तीन वर्षं मेंटेनन्सला होता. कंत्राट संपलं आणि तो घरी बसला. जॉब पोर्टलवर नाव टाकल्यावर आठवड्याभरात एका 'रेझ्युमे डिस्ट्रिब्युशन' सेवेचा फोन आला. त्याने ४,८०० रुपये भरले. बदल्यात त्याला एक एक्सेल शीट मिळाली होती: अनुक्रमांक, कंपनीचं नाव, ई-मेलचा पत्ता आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येक ओळीपुढे 'डिलिव्हर्ड'. मी ती शीट तळापर्यंत वाचली. बहुतेक पत्ते इन्फो, करिअर्स, एचआर अशा नावांनी सुरू होणारे, म्हणजे कोणा एका माणसाचे नव्हेतच. अंकलेश्वरची एक केमिकल कंपनी, गुरुग्रामचं एक कॉल सेंटर, एक इंटरनॅशनल स्कूल. मधे कुठेतरी मी पूर्वी नोकरी करत होते त्या कंपनीचाही पत्ता होता. तो मेलबॉक्स माझ्यादेखत बंद झाला होता. त्याच्याही पुढे 'डिलिव्हर्ड'.

मी सतरा वर्षं भरतीचं काम करते आहे. आधी पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीत, नंतर चाकणच्या एका कारखान्यात एचआरमध्ये. त्या रात्री त्याला जे समजावून सांगितलं ते इथे जरा पसरून लिहिते आहे, कारण असे फोन रोज कितीतरी मुलामुलींना येतात, आणि पैसे भरणारी ही मुलं मूर्ख नसतात. ती घाबरलेली असतात.

रेझ्युमे वाटण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. भोसरी, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीत सकाळी जा, एखाद्या गेटवर सिक्युरिटी केबिनच्या खिडकीत बायोडेटा देणारा मुलगा दिसेल. पाठीला सॅक, सॅकमध्ये झेरॉक्सचा गठ्ठा. मी स्वतः पहिल्या नोकरीसाठी भोसरीत अशा तीस प्रती वाटल्या होत्या. त्याआधीच्या पिढीत हे काम सरकारी एम्प्लॉयमेंट एक्सचेंज करायचं. १९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांना, आणि पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांना, रिकाम्या जागा एक्सचेंजला कळवणं बंधनकारक केलं होतं. तिथूनच माणूस घ्यायचं बंधन मात्र नव्हतं. नाव नोंदवायचं, कार्डाचं नूतनीकरण करत राहायचं आणि 'कॉल'ची वाट बघायची. हे सगळं फुकट होतं. केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल २०१५ मध्ये सुरू झालं, राज्याचं महास्वयंम आहे, आणि तिथेही नोंदणीला पैसा पडत नाही.

पैसे घेऊन वाटणारे इंटरनेटबरोबर आले. अमेरिकेत 'मॉन्स्टर बोर्ड' १९९४ मध्ये सुरू झाला, आपल्याकडे नोकरी डॉट कॉम १९९७ मध्ये. रेझ्युमे कागदावरून फायलीत गेला आणि एक फाईल हजार जणांना पाठवायला जवळजवळ काही खर्च उरला नाही. त्यावर हा धंदा उभा राहिला. त्याचे साधारण तीन प्रकार माझ्या पाहण्यात आहेत. एकात तुमचा रेझ्युमे कंपन्यांच्या आणि कन्सल्टन्सींच्या पत्त्यांवर एकगठ्ठा मेल होतो. दुसऱ्यात तुमच्या वतीने दहा-वीस पोर्टलांवर फॉर्म भरून खाती उघडली जातात. तिसऱ्यात एखादं पोर्टलच जादा पैसे घेऊन तुमचं नाव यादीत वर किंवा ठळक दाखवतं. हा तिसरा प्रकार निदान जिथे भरती करणारे खरंच बघतात तिथे घडतो. भाच्याने घेतला होता तो पहिला.

आता टेबलाच्या माझ्या बाजूने बघा. सकाळी साडेनऊला मी मेल उघडते. 'रिस्पेक्टेड सर/मॅडम, प्लीज फाइंड अटॅच्ड माय रेझ्युमे फॉर एनी सुटेबल पोस्ट.' कोणती पोस्ट ते नाही, कोणतं गाव ते नाही. त्याच पाठवणाऱ्याकडून त्याच साच्याचे आणखी अकरा मेल, अकरा वेगळ्या माणसांचे: एक अकाउंटंट, एक वेल्डर, एक एमबीए. बारावा मेल मी उघडत नाही. एकेकाला न्याय द्यायचा म्हटलं तरी माझ्याकडे त्या दिवशी तीन जागा असतात, टूलरूमच्या दोन आणि क्वालिटीची एक, आणि प्लँट हेडला संध्याकाळपर्यंत पाच नावं हवी असतात. आणि हे मेल इनबॉक्सपर्यंत पोहोचले तर. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला पाच हजारांच्या वर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले आहेत. पाठवणाऱ्याची ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध झाली पाहिजे आणि स्पॅम म्हणून तक्रार होण्याचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राहिलं पाहिजे. कंपन्यांच्या स्वतःच्या मेल सर्व्हरचे फिल्टरही असेच सावध असतात. समोरच्या सर्व्हरने मेल नाकारला नाही, एवढाच 'डिलिव्हर्ड'चा फार तर अर्थ. तो स्पॅममध्ये पडला की कोणी वाचला, हे त्या रकान्यात कळत नाही.

इथपर्यंत नुकसान ४,८०० रुपयांचं. भाच्याला हेच वाटत होतं, की गेले तर पैसे गेले. त्याला खरा तोटा समजावून सांगायला मला कन्सल्टन्सीचा हिशेब मांडावा लागला.

भरतीच्या धंद्यात पैसा कंपनीकडून येतो. कन्सल्टन्सीने उमेदवार दिला आणि तो रुजू झाला, की कंपनी तिला त्याच्या वार्षिक पगाराच्या ठरलेल्या टक्क्यांइतकं बिल देते. आपल्याकडे सगळ्यात जास्त ऐकू येणारा आकडा ८.३३ टक्के. म्हणजे बारावा हिस्सा, एका महिन्याचा पगार. वर्षाला ४ लाख ८० हजारांवर कोणी लागला, तर कन्सल्टन्सीला ४० हजार. उमेदवार दोन-तीन महिन्यांत सोडून गेला तर बहुधा बदली माणूस फुकट द्यावा लागतो, म्हणून चांगला कन्सल्टंट मुलाखतीआधी उमेदवाराला फोन करतो, रेझ्युमे नीट करून घेतो, मुलाखतीनंतर माझ्या मागे लागून निकाल विचारतो. तो तुमच्यासाठी धडपडतो, कारण त्याचे ४० हजार तुमच्यात अडकलेले असतात.

पण त्या करारात आणखी एक कलम असतं. उमेदवार आधीच आमच्याकडे आलेला असेल, तर कन्सल्टन्सीला बिल लावता येत नाही. 'आधी' म्हणजे किती, ते करारावर अवलंबून. मी पाहिलेल्या करारांत सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत. आणि कोण आधी आलं हे सॉफ्टवेअर ठरवतं. मोठ्या आणि मध्यम कंपन्यांत अर्ज सांभाळायला जी प्रणाली असते, जिला आम्ही एटीएस म्हणतो, ती मोबाइल नंबर आणि ई-मेलवरून डुप्लिकेट पकडते. करिअर्सचा मेलबॉक्स तिला जोडलेला असेल, तर त्या एकगठ्ठा मेलमधून तुमचं नाव तारखेसकट आत जाऊन बसतं. कोणी वाचलेलं नसतं, पण नोंद झालेली असते. चार महिन्यांनी एखाद्या जाणत्या कन्सल्टंटने तुमचं नाव पुढे केलं, की स्क्रीनवर येतं: उमेदवार आधीपासून उपलब्ध. त्या क्षणी त्याचे ४० हजार गेले. तो पुढचं नाव काढतो. यात त्याला दोष देता येत नाही, त्यालाही घर चालवायचं असतं.

याहून वाईट प्रकार म्हणजे दोन कन्सल्टन्सींनी एकच रेझ्युमे एकाच कंपनीला पाठवणं. वाटप सेवेच्या यादीत कन्सल्टन्सी भरपूर असतात, आणि त्यातल्या काही उमेदवाराला न विचारता रेझ्युमे पुढे ढकलतात. मग बिल कोणाचं यावरून वाद होतो. मी असे वाद मिटवले आहेत आणि दोनदा तरी, सांगताना आजही अपराधी वाटतं, आम्ही वाद नको म्हणून तो उमेदवारच बाजूला ठेवला. त्या दोघांना हे कधीच कळलं नसेल.

अमेरिकेतल्या आयटी कंत्राटी भरतीत ही गोष्ट इतकी नाजूक आहे की तिच्यासाठी वेगळा कागदच असतो. पुण्यात, नागपुरात अनेक मुलंमुली रात्रपाळीला बसून अमेरिकन कंपन्यांसाठी माणसं शोधतात. त्यांच्या तोंडी दिवसातून पन्नास वेळा 'आरटीआर' येतो, म्हणजे 'राइट टू रिप्रेझेंट'. अमुक जागेसाठी अमुक क्लायंटकडे माझं नाव फक्त तुम्ही पाठवा, असं उमेदवाराने मेलवर लिहून द्यायचं. त्याशिवाय रेझ्युमे पुढे जात नाही. एका जागेसाठी दोघांना आरटीआर दिला की दोन्हीकडून बाद होण्याची पाळी येते. हे जिथे रोजचं काम आहे तिथे रेझ्युमे कोणाकोणाकडे आहे, याला एवढी किंमत आहे. आणि आपण तो अनोळखी माणसाला पाचशे ठिकाणी टाकायला सांगतो.

कंपनीतल्या ओळखीचंही तेच. पुष्कळ कंपन्यांत कर्मचाऱ्याने सुचवलेला माणूस लागला तर त्याला रेफरल बोनस मिळतो. उमेदवार आधीच नोंदलेला असेल तर बहुतेक ठिकाणी तो मिळत नाही.

ओळख म्हटलं की आपल्याला वशिला आठवतो, आणि त्या शब्दाने बरीच प्रामाणिक मुलं मागे सरतात. मला त्यांना मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं काम आवर्जून सांगावंसं वाटतं. त्याने बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांचा अभ्यास केला आणि १९७३ मध्ये त्यावर निबंध लिहिला. ज्यांना ओळखीतून नोकरी कळली होती त्यांना त्याने विचारलं, की तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? वरचेवर, असं सांगणारे होते १६.७ टक्के. अधूनमधून, ५५.६ टक्के. क्वचित, २७.८ टक्के. कारण साधं आहे. घरच्यांना आणि जिवलग मित्रांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी येते ती जुजबी ओळखीच्या माणसाकडून, जो दुसऱ्या वर्तुळात वावरतो. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या दोन कोटी लोकांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले, त्यांतही नोकरी बदलायला सर्वात उपयोगी ठरले ते मध्यम सैल धागे. म्हणजे हा वशिला नव्हे. कोणी तुमची शिफारस मंत्र्याकडे करत नाही. कोणीतरी फक्त सांगतं, की तिथे जागा आहे, आणि हा मुलगा ते काम करतो.

भाच्याला मी विचारलं, "तुमच्या प्लँटमध्ये बाहेरून कोण यायचं?"

"कॅलिब्रेशनवाले यायचे, वर्षातून दोनदा. ट्रान्समीटर तपासायला."

"ते आणखी किती कारखान्यांत जातात?"

तो जरा गप्प झाला. "वीस-पंचवीस तरी."

त्या इंजिनियरचा नंबर त्याच्याकडे होता. तीन महिन्यांत त्याला एकदाही फोन केला नव्हता, आणि कारण विचारल्यावर म्हणाला, "काय सांगू त्यांना, नोकरी गेली म्हणून?" या वाक्यापाशी मला वाटप सेवेचा धंदा पुरता कळला. ती त्या लाजेवर चालते. अनोळखी माणसाला पैसे दिले की ओळखीच्या माणसाला तोंड उघडून सांगावं लागत नाही.

पोर्टलचं मात्र वेगळं आहे, आणि तिथली एक गोष्ट फुकट असून मुलं करत नाहीत. नोकरीसारख्या पोर्टलांचं मुख्य उत्पन्न भरती करणाऱ्यांकडून येतं. आम्ही डेटाबेस चाळायचे पैसे भरतो. मी शोधते तेव्हा खिडकीत लिहिते: पीएलसी, सीमेन्स, कंट्रोल व्हॉल्व्ह. मग अनुभव दोन ते पाच वर्षं, ठिकाण पुणे, नोटीस पिरियड तीस दिवसांच्या आत. आणि शेवटी एक खूण करते, ती म्हणजे गेल्या पंधरा-तीस दिवसांत लॉगिन केलेले उमेदवार. सहा महिने न उघडलेलं प्रोफाइल कितीही चांगलं असलं तरी माझ्या यादीत येत नाही, कारण अशा माणसाला फोन केला की बहुधा तो कुठेतरी लागलेला असतो. म्हणजे दर आठवड्याला लॉगिन करून एखादी ओळ ताजी करणं, यंत्रांची आणि सॉफ्टवेअरची नावं प्रत्येकी स्पष्ट लिहिणं, आणि दोन रकान्यांचे, चौकटींचे, फोटोंचे नक्षीदार साचे टाळणं, कारण ते वाचताना एटीएसची गफलत होते. भाच्याच्या रेझ्युमेत 'हार्डवर्किंग' आणि 'टीम प्लेयर' होतं, पण तो तीन वर्षं ज्या व्हॉल्व्ह पोझिशनरवर काम करत होता त्याचं नाव कुठेच नव्हतं. विक्रेते सांगतात की सॉफ्टवेअर ७५ टक्के रेझ्युमे माणसाने बघण्याआधीच फेकून देतं. या आकड्याला धड आधार नाही. तो भीती विकण्यासाठी फिरवला जातो.

आता सगळ्यात काळजीची बाजू. आपल्या बायोडेटात काय काय असतं? वडिलांचं नाव, जन्मतारीख, कायमचा पत्ता, विवाहित की अविवाहित, कधी आधार आणि पॅनसुद्धा. शिवाय कॉलेज, आधीची कंपनी, पगार. ठगाला याहून जास्त काही लागत नाही. तो फोन करून तुमच्या आधीच्या कंपनीचं नाव घेतो, म्हणून तुम्हाला तो खरा वाटतो. दोन दिवसांनी मोठ्या कंपनीच्या लोगोचं ऑफर लेटर येतं आणि पाठोपाठ मागणी: लॅपटॉपची अनामत, जॉइनिंगनंतर परत मिळणारी. कुठलीही बरी कंपनी नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही, आणि अनेक मोठ्या कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळांवर हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पैसे गेलेच तर लाजत न बसता लगेच १९३० या क्रमांकावर फोन करायचा. जितका लवकर फोन, तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त. नोकरीत असताना शोधणाऱ्यांना आणखी एक धोका असतो. पाचशेच्या यादीत तुमची आत्ताची कंपनीही असू शकते. पोर्टलवर ठरावीक कंपन्यांपासून प्रोफाइल लपवायची सोय असते, एकगठ्ठा मेलमध्ये नसते.

कामगाराकडून फी घेऊ नये हा विचार जगभर मान्य होत आला आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात खासगी रोजगार संस्थांनी कामगारांकडून, मोजके अपवाद सोडता, फी घेऊ नये असं म्हटलं आहे. भारताने तो करार स्वीकारलेला नाही. परदेशी नोकरीसाठी मात्र आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. रत्नागिरी, चिपळूणहून आखातात जाणाऱ्यांच्या घरी हे पाठ असायला हवं: एजंट नोंदणीकृत हवा, त्याची नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते, आणि तो सेवेपोटी ३० हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. देशातल्या देशात रेझ्युमे वाटणाऱ्याला अशी कुठलीही मर्यादा मी पाहिलेली नाही.

वाटप कधी उपयोगी पडतच नाही असं मी म्हणणार नाही. वीस वर्षं औषध कंपन्यांत विक्री सांभाळलेल्या बाईंना मी स्वतः सल्ला दिला होता की आपल्याच क्षेत्रात काम करणाऱ्या पंचवीस-तीस सर्च कन्सल्टंटांना लिहा. वरच्या जागांची जाहिरात येत नाही, आणि हे लोक पुढच्या कामासाठी नावं जपून ठेवतात. पण त्यांनी ते पंचवीस मेल स्वतः लिहिले, प्रत्येकाला नावाने, आणि कुठल्याही कंपनीकडे मला विचारल्याशिवाय रेझ्युमे पाठवू नका असं खाली नोंदवलं. हे वाटप त्यांच्या हातात राहिलं. पैसे देऊनच करून घ्यायचं असेल, तर पत्त्यांची यादी आधी दाखवा, त्यातली नावं मला गाळू द्या, एवढी मागणी करून बघा. माझ्या ओळखीत तिला हो म्हणणारा विक्रेता अजून कोणाला भेटलेला नाही.

भाच्याने त्या ५१२ ओळींतून चाकण, रांजणगाव, वाळूज आणि शेंद्रा इथल्या, आणि त्याचं काम जिथे आहे अशा कंपन्या वेगळ्या काढल्या. चौदा निघाल्या. मग कॅलिब्रेशनच्या इंजिनियरला फोन केला. चौथ्या दिवशी त्यांचा उलट फोन आला: रांजणगावच्या एका खाद्यपदार्थांच्या प्लँटमध्ये कंट्रोल व्हॉल्व्ह जाणणारा माणूस हवा आहे. ती कंपनी त्या चौदांतच होती. तिथल्या एचआरने नाव टाकलं आणि म्हणाले, हा उमेदवार सप्टेंबरमध्ये एका कन्सल्टन्सीकडून आलेला दिसतो. ज्या कन्सल्टन्सीचं नाव त्यांनी घेतलं, ते भाच्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

आम्ही दोघांनी बसून मेल लिहिला. चारच ओळी. मी कोणत्याही संस्थेला माझं नाव आपल्याकडे पाठवायची परवानगी दिलेली नाही, हा अर्ज मी स्वतः करतो आहे, सोबत माझा ताजा रेझ्युमे. मामला निस्तरायला तीन आठवडे गेले आणि तेवढे दिवस पोराला झोप नव्हती. मुलाखत डिसेंबरमध्ये झाली. गेटबाहेर येऊन त्याने मला फोन केला, आणि निकाल काय, पगार काय, हे काही सांगायच्या आधी म्हणाला, "मावशी, त्यांनी रेझ्युमे वाचला होता गं. पोझिशनरच्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारलेली होती."